आसऱ्याचा कप्पा

तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक नवी किल्ली होती. मुद्दाम बघायला तो काही गेला नव्हता. माशांच्या टाकीचं स्टँड आत न्यायचं म्हणून दाराजवळची तिपाई रिकामी करत होता. छत्री उचलली, पेपरांचा गठ्ठा उचलला, तिच्या किल्ल्या उचलल्या आणि बोटाला एक अनोळखी कड लागली. घराची किल्ली, ती काम करते त्या लॅबची किल्ली, कपाटाची ती बुटकी, ही सगळी मंडळी वर्षानुवर्षांच्या ओळखीची. ही मात्र कोरी करकरीत, दात अजून बोचणारे. जुडगा होता तसा तिपाईवर ठेवून दिला, आवाज न करता, श्वास रोखून. मग स्वतःच्याच चोरपणाचा त्याला राग आला. घर त्याचं, बायको त्याची, आणि भुरट्यासारखा वागतोय कोण, तर हाच! मागच्या आठवड्यात ती गॅलरीत उभी राहून फोनवर कुणाला तरी विचारत होती, "खिडकी पूर्ण उघडते ना?" तेव्हा त्याने ते कानाआड केलं होतं. आणि आज सकाळी चहा पिताना, त्याच्याकडे न बघता कपाकडे बघत ती म्हणाली होती, "आज तुझ्याशी बोलायचंय. नीट बसून." "आज टाकी लावायचीय," तो म्हणाला होता. "टाकी लावून झाल्यावर बोलू." "बरं. झाल्यावर." आता एवढ्यावरून ओळखायला काय मोठी अक्कल लागते? ती जाणार होती. घर सोडून जाणार होती आणि ते आज सांगणार होती. म्हणजे टाकी लावून होईपर्यंत तरी ती इथेच होती. तेव्हा टाकी काही केल्या लवकर लावून होता कामा नये, हे त्याने तिपाईपाशी उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

रुग्णवाहिका बोलवायला लोक ज्या नंबरवर फोन करतात, त्या नंबरच्या दुसऱ्या टोकाला बसणं ही त्याची नोकरी. कानाला हेडफोन, समोर पडदा, आणि दिवसभर तेच: शांत राहा, मी सांगतो तसं करा. घाबरलेल्या माणसाच्या हाताला काम द्यायचं, ही त्या धंद्यातली खरी खुबी. दार उघडून ठेवा. जिन्यातला दिवा लावा. पेशंटची औषधं एका पिशवीत भरा. यातल्या निम्म्या कामांची गरजही नसते, पण हात गुंतले की माणूस किंचाळत नाही, आणि किंचाळायचा थांबला की ऐकतो. त्याचा आवाज कधी चढला नाही, कधी फाटला नाही. कंट्रोल रूममध्ये सगळे त्याला 'बर्फ' म्हणत, आणि वरवर हात झटकत असला तरी ते नाव त्याला मनातून आवडायचं. आता त्याच आवाजात त्याने आतून हाक मारली, "अगं, जरा येतेस? ही पातळी बघायची आहे. तू फक्त नळीतला बुडबुडा बघ आणि मधोमध आला की सांग." ती आली, ओढणी कमरेला खोचून खाली बसली आणि बुडबुडा बघू लागली. तो स्टँडच्या पायाखाली पातळ पाचर सरकवत राहिला. बुडबुडा मधोमध आला तेव्हा त्याने पाचर जराशी ओढून घेतली. "आला होता की," ती म्हणाली. "परत गेला का? असू दे, करू परत." तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं.

खोली तिच्या वडिलांची. म्हणजे बाबा शेवटची काही वर्षं त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा इथे राहत. ते गेल्यावर पलंग देऊन टाकला, आणि पलंगाच्या पायांचे गोल डाग फरशीवर राहिले. ते घासून निघेनात. त्या डागांवरून तिचं ये-जा करणं, झाडताना केरसुणी तिथे उगाच घोटाळणं, हे त्याला बघवत नसे. खोली अशी आ वासून किती दिवस ठेवायची? म्हणून मग टाकी. गोड्या पाण्याची नाही, ती काय कुणीही ठेवतं, समुद्राची, प्रवाळाची. तिला विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काय होतं, चांगलंच करत होतो ना आपण, असं तो स्वतःला बजावत असे. स्टँड त्याने बरोबर डागांवर बसवलं होतं. टाकीवाल्याने दुकानात त्याचा चांगला तासभर क्लास घेतला होता. वर मोठी टाकी, ती दिखाऊ. खाली स्टँडच्या पोटात दुसरी टाकी, तिच्यात कप्पे. वरचं पाणी सांडव्याच्या पाइपाने खाली उतरणार, कप्प्या-कप्प्यांतून फिरणार आणि पंप ते पुन्हा वर फेकणार. "आणि हा मधला कप्पा म्हणजे रेफ्युजियम," टाकीवाला म्हणाला होता. "आसऱ्याचा कप्पा म्हणा हवं तर. वर मोठे मासे असतात, ते बारीक जीव दिसला की मटकावतात. या कप्प्यात कुणी शिरायचं नाही. शेवाळ वाढतं, टाचणीच्या टोकाएवढे किडे वाढतात, पाण्यातली घाण खातात. पाणी तेच हो, दोघांचं एकच. फक्त खाणारं कुणी नाही. आणि याचा दिवा वरचा दिवा बंद झाला की लावायचा. वर रात्र, तेव्हा इथे दिवस." "आणि मासे कधी सोडायचे?" "साहेब, आधी पाणी तर जिवंत होऊ द्या! महिना-दीड महिना नुसते दगड बघायचे." महिना-दीड महिना नुसते दगड बघायला ती थांबेल का, हा प्रश्न तेव्हा त्याच्या डोक्यात आला नव्हता, तेव्हा किल्ली दिसली नव्हती.

मिठाच्या पाण्याची पिंपं तयार होती. दगड ओल्या कागदात गुंडाळून आणले होते. ते उघडले तेव्हा खोलीभर एक जड, खारा वास पसरला, आणि ती नाकाशी ओढणी न नेता उलट वाकून वास घेऊ लागली. तिला असले वास आवडतात, हे तो विसरला होता. दिवसभर ती लॅबमध्ये कवळ्या बनवते, दुसऱ्यांच्या तोंडात बसतील असे दात घासून-पुसून तयार करते. तिची बोटं कुठल्याही खडबडीत गोष्टीवर गेली की थबकतात. "हे भोक बघ," ती दगडावर बोट ठेवून म्हणाली. "यात कुणीतरी राहतंय." खरंच, भोकातून केसासारखं काहीतरी बाहेर आलं आणि सावली पडताच सट्‌दिशी आत गेलं. ती हसली. ते हसू पाहून हातातला दगड त्याने घाईने वाळूवर ठेवला. हसते आहे म्हणजे तिचं ठरलंय. न ठरलेलं माणूस असं हसत नाही. "मीठ बघायला हवं," तो लगबगीने म्हणाला. "त्या नळीच्या काचेवर थेंब टाक आणि उजेडाकडे धरून बघ, रेघ कुठे येते." तिने थेंब टाकला, नळी डोळ्याला लावून खिडकीकडे तोंड केलं. "बरोबर आहे. मघाशीही बरोबर होतं." "तरी एकदा." "अरे, किती वेळा?" तिच्या आवाजात अजून चिडचिड नव्हती, पण फार लांबही नव्हती. शेवाळाची पिशवी त्याने तिच्या हातात दिली, टाकीवाल्याच्या पाण्यासकट. हिरव्या लोकरीचा गुंता म्हणावा तसं शेवाळ. "हे मधल्या कप्प्यात. हळूहळू सोड." ती फरशीवर जवळजवळ आडवी झाली, हात कोपरापर्यंत कप्प्यात घातला आणि गुंता एकेका बोटाने मोकळा करू लागली. पाण्यात पांढरे ठिपके उड्या मारत सुटले. आणि तशीच, तोंड स्टँडच्या आत असताना, ती म्हणाली, "ऐक ना. मी काय म्हणत होते सकाळी..."

"एक मिनिट," तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की तिचं वाक्य जागच्या जागी मोडलं. वर पाणी फेकणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्यात बुडालेलं होतं. टाकीवाल्याने त्या पाइपाला पाण्याच्या पातळीपाशी एक बारीक भोक पाडायला सांगितलं होतं, वीज गेली तर पाणी उलटं खाली ओढलं जाऊ नये म्हणून. दोरा ओवावा एवढं भोक, सुई तापवून लावली की झालं. पण त्यासाठी उठायचं, स्वयंपाकघरात जायचं, सुई शोधायची, आणि तेवढ्यात ती त्याच्यामागून येऊन नीट बसून बोलणार. नको. भोक नंतर. त्याने पंपाचं बटण दाबलं. पंप घरघरला, खोलीत पाण्याचा मोठा खळाळ सुरू झाला आणि त्याला जरा हायसं वाटलं. एवढ्या आवाजात कोण काय बोलणार? खालच्या टाकीतली पातळी मात्र चांगलीच उतरली. ती उतरतेच, पाणी वर गेलेलं असतं. पण त्याला ती रिकामी जागा दिसली आणि काम दिसलं. "कमी पडतंय, बघ. बादलीने घाल अजून." "पुरे की." "काठापर्यंत घाल." तिने बादली ओतली, परत भरली, परत ओतली. आसऱ्याचा कप्पा, त्याच्या शेजारचे कप्पे, सगळे काठोकाठ झाले. खांद्यांत कळ आली असणार, कारण तिने बादली ठेवून दोन्ही हातांनी मान चोळली, आणि त्या हालचालीत तिच्या वडिलांची लकब इतकी हुबेहूब आली की तो नजर चुकवून पंपाकडे बघत बसला.

बाबा पडले त्या दिवशीचा फोन त्याच्याकडेच येणार होता असं थोडंच होतं? कुणाचा फोन कुणाच्या टेबलावर जाईल हे यंत्र ठरवतं. त्याने नेहमीचं वाक्य म्हटलं आणि पलीकडून तिचा आवाज आला: "अरे, मी आहे! बाबा पडलेत, उठत नाहीयेत!" आणि तो म्हणाला, "पत्ता सांगा." सांगा. आदरार्थी. ती क्षणभर गप्प झाली. "अरे मी..." "पत्ता सांगा." मग तिने सांगितला, त्याच्याच घराचा पत्ता, इमारत, मजला, दाराचा नंबर, त्याला. पुढे सगळं बिनचूक झालं. त्याने तिला छातीवर दाब द्यायला लावलं, ताल मोजून दिला, दार उघडायला लावलं, गाडी वेळेत पोहोचली. बाबा हॉस्पिटलात दोन दिवस काढून गेले. डॉक्टर म्हणाले, घरच्यांनी शक्य होतं ते सगळं केलं. कंट्रोल रूममध्ये लोक उठून उभे राहिले होते. स्वतःच्या सासऱ्यांच्या वेळी! आवाजात एक कंप नाही! साहेबांनी पाठ थोपटली. नियम नियमच असतो, पत्ता फोन करणाऱ्याच्या तोंडून यायला हवा, असं तो नंतर विचारणाऱ्यांना सांगत असे. ती दोन वाक्यं आणि मधली ती शांतता, यांच्याबद्दल मात्र तो कधी चकार शब्द बोलला नाही. बायकोही बोलली नाही. तो धरून चालला की तिला काही वाटलं नसेल. बाई समजूतदार आहे, असं लोकही म्हणत.

"बंद कर ते," ती म्हणाली. खळाळात त्याला ऐकू आलं, पण त्याने ऐकू न आल्याचा चेहरा केला. "अरे, बंद कर म्हणते ना! सकाळपासून बघतेय मी. बुडबुडा बघ, थेंब टाक, पाणी घाल. त्या लोकांना कामं लावतोस ना फोनवर, तशी मला लावतोयस. मी काय किंचाळतेय का? बोल, किंचाळतेय मी?" तो म्हणाला, "हे बघ, शांत..." तेवढं पुरलं. ती वाकली आणि जमिनीवरच्या वायरच्या बोर्डावरचं पंपाचं बटण तिने खाड्‌कन बंद केलं. खळाळ थांबला. खोली एकदम मोठी झाली. दोघं एकमेकांकडे बघत उभे होते आणि ती तोंड उघडणार, इतक्यात पाइपातून एक लांब घोट घेतल्यासारखा आवाज आला. वरचं पाणी खाली ओढलं जात होतं. वरून सांडवा चालू, मागून पाइप चालू, आणि खालची टाकी आधीच काठोकाठ. पाणी कडेवर फुगलं, क्षणभर तसंच राहिलं आणि मग सगळ्या बाजूंनी सुटलं. फरशीवर पसरलं, तिच्या अनवाणी पावलांना लागलं, पुढे गेलं. बोर्ड जमिनीवर होता. त्यात दिव्याची पिन होती, हीटरची पिन होती, आणि त्यांची बटणं चालूच होती.

काय करायचं हे त्याला माहीत होतं. दिवसातून कितीदा तो हे लोकांना सांगतो! बोर्डाला हात लावू नका, पाण्यातून बाहेर या, मेन स्विच बंद करा. तिन्ही वाक्यं त्याच्या डोक्यात ओळीने उभी होती आणि तोंडातून एकही बाहेर पडेना. "अगं," तो म्हणाला. "अगं! अगं!" पाणी बोर्डाच्या दिशेने चाललं होतं, फरशीचा उतार नेमका तिकडेच होता, आणि बोर्ड तिच्या पायाशी होता, आणि तो भिंतीला पाठ लावून नुसता अगं, अगं करत होता, आवाज चिरकत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग बोर्डाकडे. मागच्या मागे एक उडी मारून ती उंबऱ्याबाहेर गेली. दिवाणखान्यात मेन स्विच पडल्याचा ठाक आवाज झाला, फ्रिजची गुणगुण बंद पडली. ती परत आली, पाण्यातून चालत टाकीपाशी गेली आणि वरच्या पाइपाचं तोंड तिने सरळ पाण्याबाहेर उचलून धरलं. पाइपाने एक उचकी दिली आणि ओढ थांबली. "एवढंच होतं," ती म्हणाली. पाइप तसाच वर धरून ती उभी राहिली, खांद्यापर्यंत भिजलेली, आणि तिची छाती वरखाली होत होती.

टॉवेल, जुन्या चादरी, पायपुसणी, जे हाताला लागलं ते त्यांनी जमिनीवर टाकलं. मग ती उपड्या बादलीवर बसली. तो ओल्या फरशीवरच बसला, पँट भिजतेय याचं त्याला काही वाटलं नाही. "मी खोली घेतलीय," ती म्हणाली. "लॅबच्या वरच्या मजल्यावर. आजपासूनच." त्याने मान हलवली. त्याला वाटलं होतं, हे ऐकताना डोक्यात काहीतरी फुटेल. तसं झालं नाही, फक्त कानात दडा बसला. "कुणी दुसरं वगैरे नाही," ती म्हणाली, "ते मनात आणू नकोस." "नाही आणलं." "तुमचे साहेब भेटले होते. मागे एका लग्नात. मला म्हणाले, वहिनी, तुमच्या त्या फोनचं रेकॉर्डिंग आम्ही नव्या मुलांना ऐकवतो. ट्रेनिंगला. कसं बोलावं याचा नमुना म्हणून." ती थांबली. हातातला टॉवेल पिळू लागली, खारं पाणी तिच्या पायावर पडत राहिलं. "माझे बाबा जमिनीवर पडलेत, मी रडतेय, आणि ते खोलीभर लोक बसून ऐकतात. परवानगी घरच्यांची लागते. घरचे म्हणून तू सही केलीस. मला विचारलंही नाहीस. मी त्यांना हसून म्हटलं, हो का? आणि घरी येऊन तुला जेवायला वाढलं." "मला वाटलं..." "तुला काय वाटतं तेच तर मला कधी कळलं नाही. आपलाच पत्ता विचारलास रे मला. दोनदा."

तो सांगणार होता की नियम आहे. वाक्य जिभेवर तयार होतं, शेकडो वेळा वापरून गुळगुळीत झालेलं. त्याने ते गिळलं. "मला आठवत नव्हता," तो म्हणाला. "काय?" "पत्ता. आपला पत्ता. तुझा आवाज आला आणि सगळं पुसलं गेलं. इमारतीचं नाव आठवेना, मजला आठवेना. पडद्यावर पण काही दिसेना, नुसतं पांढरं. हात असे कापत होते, टेबलाखाली धरून ठेवले होते मी. मला खरंच माहीत नव्हतं गं आपण कुठे राहतो. म्हणून विचारलं." त्याला आपलाच आवाज ओळखू येत नव्हता, तो मधेच तुटत होता, ओला होत होता. "पाचावर धारण बसली होती माझी. मग सगळे उभे राहिले, पाठ थोपटली. मग कसं सांगणार? ज्याने त्याने बर्फ, बर्फ केलं. सही मागितली तेव्हा नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं त्यांनी." तो रडत होता. तिच्यासमोर तो यापूर्वी कधी रडला होता, हे त्याला आठवेना. बहुतेक कधीच नाही.

ती बादलीवरून उठली, त्याच्यासमोर खाली बसली. तिचे गुडघे त्याच्या गुडघ्यांना टेकले. कितीतरी वेळ ती त्याच्याकडे बघत होती, एखाद्या दगडाच्या भोकातून काही बाहेर येतंय का ते बघावं तशी, आणि तिचेही डोळे भरून आले. ओल्या हाताने तिने त्याचा चेहरा पुसला, तो आणखीच ओला झाला. "वेडा आहेस तू," ती म्हणाली. "अरे, हे त्या रात्री सांगितलं असतंस ना, हॉस्पिटलच्या बाकावर, तर मी तुला मांडीवर घेऊन बसले असते. जन्मभर बसले असते." तो वाट बघत राहिला. आता ती पुढचं वाक्य म्हणेल, आणि त्या वाक्यात 'पण अजूनही' असेल, असं त्याला वाटलं. इतकं वाटलं की त्याने श्वास धरून ठेवला. तिने हात खाली घेतला. "दोन वर्षं मी तुझ्या तोंडाकडे बघत होते," ती म्हणाली. "आता नाही रे बघवत. संपलं माझ्यातलं." हे ती रागाने म्हणाली नाही, रागाने म्हणाली असती तर त्याला भांडता आलं असतं. उठून तिने मेन स्विच लावला, खोलीत परत येऊन बोर्ड उचलून खुर्चीवर ठेवला आणि कोरडा आहे ना ते दोनदा पाहून पंपाचं बटण दाबलं. "दगड मरतील नाहीतर," ती म्हणाली. "आणि भोक पाड त्या पाइपाला."

ती आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा, हँगर सरकल्याचा आवाज येत राहिला. तो ओल्या चादरीवर बसून ते आवाज ऐकत होता, एकेक ओळखत होता; हा निळ्या शालीचा कप्पा, हा खालचा खण. मग सगळं थांबलं आणि दारातून ती म्हणाली, "अरे, माळ्यावरची मोठी बॅग माझ्या हाताला येत नाहीये. काढून देतोस?" तो उठला. स्टूल आणलं, त्यावर चढला. तिने खालून दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं, कारण स्टुलाचा एक पाय लुळा होता आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. बॅग मागे होती, तिच्यावर बाबांची जुनी गादी होती. ती बाजूला करताना धूळ त्याच्या डोळ्यांत गेली. "सांभाळून," ती म्हणाली. त्याने बॅग ओढून काढली, हँडल तिच्या बाजूला येईल अशी फिरवली आणि खाली वाकून तिच्या हातात दिली.